मोटरबोटीचे दिवे मिणमिणतात, हॉर्न दाबला की विझतात. बल्ब बदलून थकलो!

ओलीदोरी
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

सहा मीटरची मोटरबोट आहे. मागे आउटबोर्ड (बाहेर टांगलेलं इंजिन), बॅटरी एकच आणि तीही मागेच. बोट जुनी, मालक नवा (म्हणजे मी). परतायला अंधार होऊ लागला तसं दिव्यांकडे लक्ष गेलं. पुढच्या टोकावरचा लाल-हिरवा दिवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो. मागच्या दांडीवरचा पांढरा मात्र झकास. हॉर्न दाबला की लाल-हिरवा पार विझतो आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) बंद पडून पुन्हा सुरू होतो. दिवे लावले की पेट्रोलचा काटा जागचा हलतो, ते आणखी वेगळंच.

बल्ब बदलले, फरक शून्य. फ्यूज बदलला, शून्य. बल्ब काढून होल्डरला मीटर लावला तर चक्क १२.६ व्होल्ट! शेवटी वैतागून एलईडी बल्ब टाकले. आता उजेड बरा पडतो, पण हॉर्न दाबला की अजूनही डोळा मारतात. वर व्हीएचएफ रेडिओ खरखरायला लागलाय. इंजिन एका फटक्यात सुरू होतं.

१२.६ व्होल्ट पोचत असताना बल्ब मिणमिणतो कसा, एवढं कुणीतरी सांगा.

नांगरटाक्या
बोट विका. सगळे प्रश्न एकदम सुटतील. (ह.घ्या.)

कुंपणावरचा
बॅटरी गेलीय. माझेही दिवे असेच मंद झाले होते, नवी बॅटरी टाकली आणि लख्ख झाले. उगाच वायरी उचकत बसू नका.

अर्धाव्होल्ट
कुंपणावरचे, बॅटरी कमकुवत असती तर आधी स्टार्टर रडला असता. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, हे दिवे जेमतेम दीड-दोन. शंभर देणारी बॅटरी दोन द्यायला कशाला कुरकुरेल? शिवाय मागचा पांढरा दिवा त्याच बॅटरीवर झकास पेटतोय.

रात्रभर विश्रांती घेतलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६-१२.७ दाखवत असेल तर भरलेली समजावी. १२.२ च्या आसपास अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना तिथंच १३.८ ते १४.४ दिसायला हवं, नाहीतर चार्जिंग बघा. धागाकर्त्याच्या बाबतीत यातलं काही वाटत नाही.

निवृत्त_वायरमन
ओलीदोरी, तुमच्या नावातच उत्तर आहे.

जुनी दोरी सगळीकडून कुजली आणि एकच धागा शाबूत राहिला, तरी तिला रुमाल वाळत घालता येतो. पाण्याने भरलेली बादली लटकवा, मग कळेल. तुमच्या मीटरने रुमाल लटकवला. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे वायरीची एक तार जरी शिल्लक असली तरी तो पूर्ण १२.६ दाखवणार. बल्ब ही बादली आहे. तो लावला की खराब जागी व्होल्ट सांडतात आणि उरलेसुरले त्याच्या वाट्याला येतात. म्हणून बल्ब काढून घेतलेल्या मापाला माझ्या लेखी किंमत नाही. बल्ब जागेवर, पेटलेला, आणि मग मीटर. याच कारणासाठी मी आयुष्यभर खिशात टेस्ट लॅम्प बाळगला. जुना बल्ब, दोन वायरी, दोन चिमटे. तो स्वतः करंट ओढतो, त्यामुळे त्याला फसवता येत नाही.

आता तुमच्या लक्षणांबद्दल. गाडीचा पत्रा सगळ्या दिव्यांचा निगेटिव्ह असतो. फायबरच्या बोटीला तशी सोय नाही. प्रत्येक दिव्याला परतीची स्वतःची वायर लागते. या परतीच्या काळ्या (काही बोटींत पिवळ्या) वायरी सुकाणूखाली एका पट्टीवर गोळा होतात आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीकडे जाते. दिवा, हॉर्न, फिशफाइंडर, पेट्रोलचा काटा, हे सगळे एकमेकांच्या पायात पाय अडकवत असतील तर सगळ्यांची वाट एकच आहे आणि त्या वाटेवर कुठेतरी खड्डा आहे. माझा संशय त्या परतीच्या जाड वायरीवर.

मागचा दिवा ठणठणीत आहे, हाच मोठा पुरावा. त्याचा पॉझिटिव्ह त्याच फ्यूजमधून येत असणार. बॅटरी शेजारीच म्हणून निगेटिव्ह मात्र बहुधा सरळ बॅटरीला नेलेला असेल. बघून सांगा.

भरतीचंपाणी
दोरीचं उदाहरण लिहून ठेवलं. _/\_

डावीलाल
वायरमनकाका, आदर आहे, पण एक शंका. दिव्यांचं बटण तीन जागांचं असतं: वर केलं की लाल-हिरवा आणि पांढरा दोन्ही, मधे बंद, खाली केलं की नांगरावरचा फक्त पांढरा. म्हणजे पुढच्या दिव्याला बटणाच्या आत वेगळा कॉन्टॅक्ट असतो. तोच जळला असेल तर? माझ्या बोटीत नेमकं हेच निघालं होतं. बटण उघडलं तर आत प्लॅस्टिक वितळून कॉन्टॅक्ट वाकडा झालेला.

अवांतर: या बटणावरून आठवलं. काही जण चालत्या बोटीत सुद्धा ते खाली, नांगराच्या जागेवर ठेवतात, कारण 'पुढचा दिवा डोळ्यात येतो'. अरे बाबांनो! समोरच्याला फक्त पांढरा दिसला की त्याने काय समजायचं? तुम्ही नांगर टाकून उभे आहात, किंवा तो तुमच्या पाठीमागून येतोय. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांत, म्हणजे थेट समोरून ते बाजूच्याही थोडं मागेपर्यंत. मागचा पांढरा १३५ अंशांत. बारा मीटरच्या आतल्या मोटरबोटीला पुढचा-मागचा वेगळा पांढरा ठेवण्याऐवजी सगळीकडून दिसणारा एकच पांढरा चालतो, आपल्या दांडीवरचा तोच. या मापाच्या बोटीचा लाल-हिरवा किमान १ सागरी मैलावरून दिसला पाहिजे आणि पांढरा २ मैलांवरून. निखाऱ्यासारखा दिवा एक मैल दिसत नाही हो.

सुकाणूताई
डावीलाल, बटणाची शंका बरोबर आहे, पण हॉर्नचा करंट त्या बटणातून जातच नाही. हॉर्नला स्वतःचं बटण असतं. मग हॉर्न दाबल्यावर लाल-हिरवा का विझावा? दोघांच्या सामायिक वाटेतच काहीतरी आहे. सामायिक वाटा दोनच: पॅनेलला येणारा पॉझिटिव्ह, नाहीतर तिथून परत जाणारा निगेटिव्ह.

ओलीदोरी, एक सोपी परीक्षा. दिवे लावा, हॉर्न दाबा आणि मागच्या पांढऱ्याकडे बघा. तोही मंदावला तर दोष येणाऱ्या पॉझिटिव्हमध्ये. तो ढिम्म राहिला तर परतीत. मीटरही नको.

डावीलाल
हे पटलं. शंका मागे घेतो. (बटण तरी एकदा बघाच.)

ओलीदोरी
ताई, केली परीक्षा. मुलाला हॉर्नवर बसवलं, त्याला आयुष्यात एवढं आनंदाचं काम कधी मिळालं नव्हतं. पांढरा ढिम्म! आणि वायरमनकाकांचं म्हणणंही खरं निघालं, पांढऱ्याची काळी वायर सरळ बॅटरीला गेलीय.

आता पुढे काय? सुकाणूखाली डोकं घातलं तर काळ्या वायरींचं जंगल आहे. किमान तीन मालकांनी आपापली कला दाखवलेली दिसते.

नांगरटाक्या
मी पहिल्याच प्रतिसादात उत्तर दिलं होतं.

निवृत्त_वायरमन
जंगलात शिरू नका. आधी खड्डा कुठल्या भागात आहे ते मोजा.

एक लांब सुटी वायर घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर घट्ट चिमटा. वरच्या लगवर (वायरीच्या टोकाला दाबलेलं धातूचं कडं) नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. दुसरं टोक सुकाणूपाशी आणून मीटरच्या काळ्या काडीला जोडा. लाल काडी निगेटिव्ह पट्टीवर टेकवा. मीटर डीसी व्होल्टवर. आता दिवे लावा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेत सांडतायत. ही सुटी वायर बारीक असली तरी चालते, कारण मीटर करंट ओढत नाही. ज्या गुणाने तुम्हाला फसवलं तोच इथे कामी येतो.

मात्र मोजण्याआधी एलईडी काढून जुने बल्ब परत लावा. एलईडी इतका कमी करंट घेतो की दोष लपतो. तुमचा आजार बरा झाला नव्हता, फक्त ताप उतरला होता.

अर्धाव्होल्ट
काकांच्या मापाला तुलनेसाठी आकडे देतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात नेव्हिगेशनचे दिवे, बिल्ज ब्लोअर (तळातली वाफ बाहेर फेकणारा पंखा), पॅनेलची मुख्य वायर अशा महत्त्वाच्या वाटांना जास्तीत जास्त ३ टक्के घट धरलीय, बाकीच्यांना १० टक्के. १२ व्होल्टवर ३ टक्के म्हणजे ०.३६ व्होल्ट, आणि तेही जाऊन-येऊन दोन्ही वायरींचं मिळून. किरकोळ वाटतं, पण साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने पडतो. व्होल्टेज १० टक्के कमी, तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी.

वायरीचा हिशोबही सोपा आहे. तांब्यासाठी ०.०१७५ गुणिले एकूण लांबी (जाऊन-येऊन, मीटरमध्ये) भागिले जाडी (चौरस मिमी). बॅटरी ते सुकाणू ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२. वायर २.५ ची असेल तर ०.०८४ ओहम. सगळं चालू करून २० अँपिअर ओढले की १.७ व्होल्ट वायरीतच संपले! १६ ची वायर टाकली तर पाव व्होल्ट. वायर नवीकोरी असली तरी बारीक असेल तर दिवे मंद राहतात, हे लोक विसरतात.

भरतीचंपाणी
मधेच घुसतो, क्षमस्व. माझा १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडायचा म्हणून ३० चा टाकलाय. दोन महिने झाले, काही त्रास नाही. ओलीदोरींनी पण बघावं करून.

सुकाणूताई
नको! नको! नको!

भरतीचंपाणी, आजच्या आज काढा तो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर १० सोसणारी असताना ३० चा फ्यूज टाकलात, तर आता त्या वाटेतला सगळ्यात कमकुवत दुवा म्हणजे तुमची वायर. फ्यूजऐवजी ती तापणार, आणि ती गादीच्या आणि पेट्रोलच्या टाकीच्या शेजारून जातेय. 'त्रास नाही' याचा अर्थ अजून त्रास झालेला नाही.

फ्यूज सारखा उडतोय म्हणजे तो ओरडून काहीतरी सांगतोय. बऱ्याचदा पॉझिटिव्ह वायर कुठल्यातरी धातूच्या धारेवर घासून सोललेली असते. आणि बॅटरीवरून निघणाऱ्या वायरीचा फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा, साधारण वीतभर अंतरात. शेवटच्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

भरतीचंपाणी
बाप रे. काढला. उद्या वायर तपासतो. ओरडल्याबद्दल आभार, ताई.

जुनाखलाशी
सगळे हुशार आहात, पण मूळ गोष्ट कुणी बोललं नाही. इंजिन आत बसवलेलं असो की टाकी तळाखाली, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती तळात साचते. तिथं एक ठिणगी पुरते. काम सुरू करण्याआधी सगळी झाकणं उघडा, वास घ्या, ब्लोअर असेल तर चालवा. पेट्रोलचं इंजिन आत असेल तर रोज सुरू करतानाही आधी निदान चार मिनिटं ब्लोअर, मग चावी. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून कुठे टेकला तरी भडका उडत नाही.

आणि आतल्या पेट्रोल इंजिनाच्या खोलीत मोटारगाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवू नका, स्वस्त पडला तरी. बोटीचे खास ठिणगी बाहेर न पडणारे असतात. बाहेरून सारखे दिसतात एवढंच.

कुंपणावरचा
+१. बॅटरीचं माझं चुकलं, मान्य. पण खलाशीकाका, टर्मिनल साफ करणं तरी सुचवा की. माझ्याकडे पांढरा-निळा मोरचूद साचतो त्यावर.

जुनाखलाशी
साचतो ना, मग गरम पाण्यात खायचा सोडा, ब्रश, कोरडं करायचं, घट्ट आवळायचं, वरून ग्रीस. ग्रीस शेवटी! आधी ग्रीस फासून मग लग बसवणारे महाभाग पाहिलेत. आणि बोटीवर पंखांचे नट नकोत, लाटांच्या दणक्याने सैल होतात.

ओलीदोरी
मोजलं!! जुने बल्ब परत लावून. दिवे लावले: ३.१ व्होल्ट. हॉर्न दाबला: ६.२!! मी मीटर बंद करून परत सुरू केला, तरी तेच.

म्हणजे बारापैकी सहा व्होल्ट परतीच्या वाटेत गायब? जातात कुठे?

अर्धाव्होल्ट
उष्णतेत. हिशोब बघा. तुमच्या बल्बांच्या मानाने दीड-एक अँपिअरला ३.१ व्होल्ट पडतायत, म्हणजे कुठेतरी साधारण २ ओहमचा अडथळा आहे. हॉर्न दाबल्यावर ६.२ व्होल्ट म्हणजे त्या अडथळ्यातून ३.१ अँपिअर जातायत. गुणाकार १९ वॉट. लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद एका जोडात! नुसत्या दिव्यांनीही जवळजवळ ५ वॉट सतत. दिवे पंधरा मिनिटं लावून ठेवा आणि परतीच्या वायरीवरून हात फिरवत जा. जिथे कोमट लागेल तिथे चोर.

निवृत्त_वायरमन
मस्त. हात फिरवण्याच्याही एक पाऊल पुढे जा. मीटरची लाल काडी पट्टीवरून उचलून वायरीच्या वाटेवर जिथे जिथे उघडा जोड दिसेल तिथे टेकवत मागे या. जोड ओलांडल्यावर आकडा धाडकन पडला की तोच.

मुकादम
वाचतोय. आमचा ट्रिमचा (इंजिन वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) लोचा इथेच विचारू का? इंजिन वर उचललं जातं, खाली येत नाही. मोटर गेली असेल?

डावीलाल
मोटर एकच असते आणि ती वर नेतेय, म्हणजे जिवंत आहे. वर नेणारा एक रिले (विजेने चालणारा खटका), खाली आणणारा दुसरा, बहुतेक वेळा दोन्ही सारखेच. दोघांची अदलाबदल करून बघा. आता खाली येतं आणि वर जात नाही, असं झालं की रिले बदला. तसंच राहिलं तर बटण किंवा त्याची वायर.

मुकादम
अदलाबदल केली. आता खाली येतं, वर जात नाही. 😂 रिले मागवला. दंडवत.

ओलीदोरी
सापडला चोर!

बॅटरीच्या पेटीपासून हातभर अंतरावर, तळाच्या जरा वर, आधीच्या कुणा कलाकाराने परतीची वायर तोडून दुसरा तुकडा जोडला होता. नुसतं पिळून, वर इन्सुलेशन टेप. टेप ओढली तर आतून पाणी ठिबकलं, खोटं नाही सांगत. आत तांबं नव्हतंच, हिरवा भुगा आणि दोन-तीन शिल्लक तारा. शेजारचं आवरण तपकिरी होऊन कडक झालेलं. सोन्यासारखं तांबं लागेल तिथे कापावं म्हणून सोलत गेलो, तर वीतभर आतपर्यंत तार काळी ठिक्कर. टेपबाहेरची वायर वरून एकदम ठाकठीक दिसत होती.

निवृत्त_वायरमन
तांबं कळकलं. बारीक तारांच्या मधून पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत चढतं. म्हणून बोटीत कल्हई केलेल्या तांब्याची वायर घालतात. आता जोड नकोच, अख्खी वायर नवी टाका. जुनी तुम्ही कितीही मागे कापलीत तरी पुढे काळीच लागेल.

सुकाणूताई
आणि परत पिळून टेप लावू नका! लग दाबायच्या योग्य पक्कडीने दाबा, हातोडीने नाही. दाबल्यावर जोरात ओढून बघा. हातात आला तर पाण्यात सुटण्यापेक्षा बरा. वरून आतून डिंक असलेली आवळती नळी, गरम केल्यावर दोन्ही टोकांतून डिंकाचा थेंब डोकावला पाहिजे.

अर्धाव्होल्ट
लग दाबून वर सोल्डरही मारावं, मी तरी मारतो. पाणी शिरत नाही.

सुकाणूताई
अर्धाव्होल्ट, इथे आपलं भांडण आहे. सोल्डर तारांतून वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. बोटीच्या थरथरीत नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला वायर तुटते. तुमच्याच लाडक्या मानकात म्हटलंय की जोड फक्त सोल्डरच्या भरवशावर नसावा.

अर्धाव्होल्ट
'फक्त' म्हटलंय ना. मी आधी दाबतो. आणि वायर लगपासून जवळच बांधून टाकली की हलणार कशी?

निवृत्त_वायरमन
दोघंही वायर नीट बांधता, हे महत्त्वाचं. चाळीस वर्षं झाली हा वाद ऐकतोय. पाणी शिरण्यापुरतं डिंकाची नळी पुरते, मी सोल्डर सोडलं.

भरतीचंपाणी
सिलिकॉन फासलं तर? माझ्या बोटीत सगळीकडे फासलेलं आहे.

निवृत्त_वायरमन
व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं. तांब्यावर ते घालणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. तुमचा फ्यूज का उडतो, याचा अंदाज येतोय मला.

जुनाखलाशी
ओलीदोरी, तळाजवळ हात घातलाच आहात तर बिल्ज पंपाच्या (तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) वायरी बघून घ्या. त्याचं आयुष्य सगळ्यात ओलं. फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा) हाताने उचला, पंप फिरला पाहिजे. मुख्य स्विच बंद करून परत उचला. तरीही फिरला पाहिजे, कारण ती वायर आपल्या फ्यूजमधून सरळ बॅटरीला असायला हवी. बोट बांधून घरी गेलात आणि रात्रभर पाऊस पडला, तेव्हा मुख्य स्विच बंदच असणार ना? फिरत नसेल तर पंपाच्या जाळीत दोरीचा तुकडा किंवा पानं अडकलीत का बघा. बऱ्याच 'जळलेल्या' पंपांच्या पोटात एक झाडाचं पान निघतं.

मुकादम
आमच्या पंपात मोजा निघाला होता. कुणाचा, ते अजून कळलं नाही.

नांगरटाक्या
दुसरा मोजा टाकीत बघा.

ओलीदोरी
खलाशीकाका, फ्लोट उचलला, मुख्य स्विच चालू असताना फिरतो, बंद केला की नाही. म्हणजे तेही काम निघालं. बरं झालं विचारलंत.

नवी वायर टाकली, कल्हईवाली, १६ ची. दोन्ही टोकांना दाबलेले लग, मधे एकही जोड नाही. तेच माप परत घेतलं: हॉर्न दाबून, दिवे लावून ०.०४ व्होल्ट. काटा हलत नाही, फिशफाइंडर जागा राहतो, हॉर्नचा आवाज तर एवढा वाढलाय की शेजारच्या बोटीवरचे दचकले. बिल्ज पंपाला बॅटरीपासून वेगळी वायर आणि फ्यूज, तेही झालं.

एकच उरलंय: रेडिओची खरखर. नव्या वायरीनेही गेली नाही. एलईडी परत लावल्यावर सुरू होते.

डावीलाल
ती वायरीची नाहीच, एलईडीचीच आहे. त्यांच्या आत व्होल्टेज सांभाळणारं छोटं सर्किट असतं, त्यातून रेडिओ लहरी सुटतात. खात्री करून घ्या: रेडिओ शांत चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च (रेडिओवरचं खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेल इतकाच फिरवा, मग दिवे लावा. खरखर परतली की दिवा दोषी. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये नेमक्या याच गोष्टीची सूचना काढली होती. त्रास नुसता खरखरीचा नाही, कुणी मदत मागत असेल तर ऐकू येणार नाही, आणि एआयएसचं (आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रणेचं) चित्रही अर्धवट दिसू शकतं.

दुसरं, पांढरा एलईडी हिरव्या काचेमागे निळसर दिसतो. लाल काचेमागे लाल, हिरव्यामागे हिरवा एलईडी लागतो. शिवाय काच बल्बच्या तारेच्या जागेनुसार कापलेली असते. एलईडीचे दाणे दुसरीकडे असले की ११२.५ अंशांची कड बिघडते, लाल-हिरवा एकमेकांत मिसळतात. एलईडी हवाच असेल तर मंजुरीची खूण असलेला अख्खा दिवा घ्या. नुसता बल्ब बदलू नका.

भरतीचंपाणी
वायर तपासली. सुकाणूमागे स्टीलच्या पट्टीवर घासून सोललेली होती, ताई म्हणाल्या तशी, आणि वर सिलिकॉनचा थर. १० चा फ्यूज परत बसवला, तीन दिवस झाले, उडाला नाही.

ओलीदोरी
एलईडी काढले. स्क्वेल्चची परीक्षा केली, रेडिओ गप्प. बल्ब परत लावलेत. लाल-हिरवा आता धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकावरून स्वच्छ दिसतो. मी पोराला बोटीत बसवून चालत जाऊन बघितलं.

आणि वायरमनकाका, तुम्ही सांगितलात तसा टेस्ट लॅम्प बनवायला घेतला. पहिल्या दिवशी 'गेलेले' म्हणून काढून डब्यात टाकलेले तीन जुने बल्ब होते, म्हटलं त्यातला एखादा चालतोय का बघू. तिन्ही पेटले.